सांगितलं, पण पोचलं का?

शहरी अल्पसंख्याक वस्त्यांमधील आरोग्य-साक्षरता आणि आरोग्यातील दरी

२०२२ च्या ऑक्टोबरअखेरीस गोवंडीच्या रफी नगरात दोन-तीन दिवसांत तीन लहान मुले दगावली. ताप, अंगावर पुरळ, मग धाप. तपासात गोवराची साथ निघाली आणि पुढच्या काही आठवड्यांत मुंबईतल्या रुग्णांचा आकडा शेकड्यांत गेला. केंद्र सरकारचे पथक आले, कस्तुरबा रुग्णालयात गोवराच्या मुलांसाठी खाटा राखून ठेवल्या गेल्या, पालिकेची माणसे घरोघर मुले शोधू लागली. त्याच हिवाळ्यात मालेगाव आणि भिवंडीतही गोवर पसरला.

गोवराची लस १९८५ पासून सरकारी लसीकरणात आहे. ती फुकट मिळते आणि परिणामकारक आहे. मग साथ आली कशी? त्या दिवसांत सर्वाधिक ऐकू आलेले उत्तर होते, “या लोकांमध्ये जागृती नाही.” उत्तर सोपे आहे, त्यात थोडे तथ्यही आहे. पण वस्तीतल्या बाईला काय माहीत नाही याचीच मोजदाद करत बसलो, तर तिला माहिती दिली कशी, कुठल्या भाषेत दिली आणि ती अमलात आणायला तिच्याकडे वाट होती का, हे प्रश्न मागे पडतात. या लेखात तेच प्रश्न क्रमाने पाहू.

या वस्त्या आल्या कुठून

गोवंडी, मानखुर्द, देवनार, चिता कॅम्प हा भाग पालिकेच्या एम-पूर्व प्रभागात येतो. २०११ च्या जनगणनेनुसार इथली लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. मुंबईच्या मानव विकास अहवालात हा प्रभाग शहरात सर्वात तळाशी होता. देवनारचा कचरा डेपो १९२७ पासून इथे आहे. शिवाजी नगर आणि बैंगनवाडी या वसाहती १९७० च्या दशकात शहरातून उठवलेल्या झोपडपट्ट्यांच्या पुनर्वसनातून उभ्या राहिल्या. चिता कॅम्पचे रहिवासी १९७६ साली जनता कॉलनीतून हलवले गेले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर सुरक्षित जागा शोधत आलेली अनेक मुस्लिम कुटुंबे गोवंडीत आणि मुंब्र्यात स्थिरावली. म्हणजे शहराने जे नकोसे मानले, ते एका टोकाला साचत गेले: कचरा, देवनारचा कत्तलखाना आणि विस्थापित माणसे.

या वस्त्यांत मुस्लिमांबरोबर बौद्ध आणि इतर दलित कुटुंबेही राहतात. हवा, पाणी, गटार सगळ्यांचे एकच. तरी मुस्लिम समाजाचा वेगळा विचार करावा लागतो, कारण महाराष्ट्रात हा समाज प्रामुख्याने शहरी आहे. राज्याच्या एकूण लोकसंख्येत शहरी वाटा ४५ टक्के; मुस्लिमांमध्ये मात्र दर दहापैकी सात जण शहरांत राहतात. भिवंडीचे माग, मालेगावचे पॉवरलूम, धारावीचे चामड्याचे कारखाने, गोवंडीचे जरीकाम ही त्यांची रोजगाराची ठिकाणे. त्यामुळे महाराष्ट्रात मुस्लिमांच्या आरोग्याचा प्रश्न बऱ्याच अंशी शहरी झोपडपट्टीच्या आरोग्याचा प्रश्न होऊन जातो.

आरोग्य-साक्षरतेत काय काय येते

आरोग्याविषयीची माहिती मिळवणे, ती समजणे, आपल्या परिस्थितीला लावून पाहणे आणि त्यावरून निर्णय घेणे, एवढे सगळे तिच्यात येते. अक्षरओळख हा तिचा एक भाग झाला. ऑस्ट्रेलियन अभ्यासक डॉन नटबीम यांनी २००० साली तिच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिली, औषधाच्या पाकिटावरची सूचना वाचून पाळता येणे. दुसरी, डॉक्टरला प्रश्न विचारता येणे, मिळालेले उत्तर घरच्यांना पटवून देता येणे. तिसरी, “आमच्याच गल्लीत क्षय इतका का?” असा प्रश्न नगरसेवकाला विचारता येणे.

सरकारी जनजागृती बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरच थांबते, आणि ती पायरीही वाटते तितकी सोपी नाही. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचायला दिली होती: दोन गोळ्या, दिवसातून दोनदा. साक्षरता कमी असलेल्या रुग्णांपैकी ७१ टक्क्यांनी ती बरोबर वाचून दाखवली. मग गोळ्या पुढे ठेवून विचारले, दिवसभरात किती घ्याल ते दाखवा. चार गोळ्या बरोबर मोजून देणारे निघाले फक्त ३५ टक्के. वाचता आले आणि तरीही कळले नाही, अशी ही मधली जागा. “समजलं ना?” या प्रश्नावर मान हलते, आणि डॉक्टर पुढच्या रुग्णाला बोलावतात.

आपल्याकडे चिठ्ठीवर १-०-१ असे लिहायची पद्धत आहे. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. लिहिणाऱ्याला ते इतके सवयीचे असते की, पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा एकशे एक वाटू शकतो याची त्याला कल्पनाही येत नाही.

लसीचे कार्ड जवळून पाहू

गरोदरपणात मिळणारे माता-बाल संरक्षण कार्ड जवळपास प्रत्येक घरात असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डासोबत, पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले. त्यातला लसीकरणाचा तक्ता आईच्या नजरेने वाचून पाहा.

जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ, कावीळ ब. मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने अशा तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी टोचणे आणि थेंब. इथपर्यंत महिन्या-महिन्याची लय बसलेली असते. मग एकदम खंड. पुढची गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे मध्ये पाच महिन्यांहून जास्त काळ काहीच नाही. त्याच लशीचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. तीन फेऱ्या झाल्या की अनेक आयांना वाटते, कोर्स संपला. काही जणी या मधल्या काळात गावी जातात, उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये किंवा मराठवाड्यात. परत येतात तेव्हा नोंद एका आरोग्य केंद्रात असते आणि खोली दुसऱ्याच्या हद्दीत. गोवराविरुद्ध सामूहिक संरक्षणासाठी ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात, इतका हा विषाणू संसर्गजन्य आहे. तक्त्यातला हा खंड कुणी तोंडी समजावून दिला नाही, तर ९५ चा आकडा गाठणे अवघड.

तापाचीही तीच गोष्ट. सुरुवातीच्या लशींनंतर ताप येतो तो पहिल्या-दुसऱ्या दिवशी. गोवर-रुबेलाच्या लशीनंतर काही मुलांना सौम्य ताप किंवा पुरळ येते, पण साधारण आठवड्याभराने. आईला हे आधी सांगितलेले नसेल, तर तिचा निष्कर्ष तर्काला धरूनच असतो: सुई दिली आणि गोवर आला. ती शेजारणीला तसे सांगते, आणि त्या गल्लीत पुढच्या पाच मुलांची लस थांबते. जी गोष्ट अफवा म्हणून नोंदली जाते, ती पुष्कळदा न दिलेल्या माहितीतून जन्मलेली असते.

गोवर झाल्यावर औषध देऊ नये, तो “पूर्ण बाहेर पडू द्यावा” ही समजूत तर हिंदू-मुस्लिम दोन्ही घरांत आहे. तिला नुसते खोडून काढण्यापेक्षा धोक्याची खूण सांगणे उपयोगी पडते: श्वास जोरात चालतो, मूल दूध ओढत नाही, गुंगीत राहते, झटका येतो किंवा जुलाब थांबत नाहीत; असे काही दिसले, तर त्याच वेळी दवाखाना गाठायचा. गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाचे डोस दिले की, डोळ्यांचा आणि जिवाचा धोका कमी होतो, हेही सांगण्यासारखे.

रमजानमध्ये १-०-१ चे काय होते

संदर्भ सुटला की बरोबर माहितीही कशी निरुपयोगी ठरते, याचे उदाहरण म्हणजे मधुमेह आणि रोजे. रमजानच्या महिन्यात जेवण पहाटेच्या सहरीला आणि सूर्यास्तानंतर इफ्तारला. चिठ्ठीवरच्या सकाळच्या गोळीचा नाश्ताच त्या महिन्यात नसतो. डॉक्टर काही बोलत नाहीत, रुग्ण विचारायला संकोचतो. मग काही जण महिनाभर औषध बंद ठेवतात, तर काही जण सकाळचा पूर्ण डोस सहरीला घेऊन दिवसभर उपाशी राहतात. पहिल्या प्रकारात साखर चढते, दुसऱ्यात धोकादायकरीत्या उतरते.

याबाबत आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना उपलब्ध आहेत. रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून औषधांची वेळ आणि मात्रा बदलून घ्यावी. रोजा असताना साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडावा. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक धर्मशास्त्री मानतात. ही तीन वाक्ये रमजानच्या दोन महिने आधी जुम्म्याला मशिदीतून सांगितली गेली आणि त्याच आठवड्यात दवाखान्यातही ऐकू आली, तर त्यांचे वजन वाढते. इथे धर्म आणि वैद्यक यांच्यात भांडण नाहीच. प्रश्न फक्त दोघांनी आधी बोलून घेण्याचा आहे.

कळते, पण वळायला वाट नसते

माहिती आणि चर्चेने फरक पडतो, हे आधी खेड्यांत दिसले. नेपाळमधील मकवानपूर जिल्ह्यात गावोगावी महिलांचे गट बांधले गेले. दर महिन्याला बैठक, बाळंतपणातले धोके आणि त्यांवरचे उपाय यांवर चर्चा. २००४ साली निष्कर्ष आले: नवजात बालकांचे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. झारखंड-ओडिशात ‘एकजुट’ संस्थेने असेच काम केले. २०१० च्या निष्कर्षांनुसार प्रयोगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षांत हे मृत्यू ४५ टक्क्यांनी घटले होते.

मग हेच मुंबईत करून पाहिले गेले. सायन रुग्णालयातील नवजात-शिशुतज्ज्ञ डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ साली स्थापन केलेल्या ‘स्नेहा’ संस्थेने ४८ झोपडपट्ट्या निवडल्या. निम्म्या ठिकाणी महिला गट, निम्म्या ठिकाणी नाहीत. तीन वर्षांच्या कामानंतर २०१२ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. अपेक्षित सुधारणा दिसली नाही. संस्थेने हे प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले, म्हणून त्यातून शिकता येते.

शहरात फरक का पडला नसावा? मुंबईतली बहुतेक बाळंतपणे तेव्हाही रुग्णालयातच होत होती. खेड्यातल्या गटांनी जी दरी भरून काढली, ती इथे नव्हती. इथली अडचण पुढची होती: कुठल्या रुग्णालयात जागा मिळेल, एकाने दुसरीकडे पाठवले तर पोचायचे कसे, रात्री आठला कोण भेटेल. एका गल्लीत पाच भाषा, दर दोन वर्षांनी बदलणारे भाडेकरू आणि घरी बसून मण्यांचे काम करणाऱ्या बाईला बैठकीसाठी न सुटणारा तास. अशा ठिकाणी नुसत्या चर्चेतून फार काही हलत नाही.

क्षयाचे उदाहरण याहून ठसठशीत आहे. क्षयाचे उपचार साधारण सहा महिने चालतात, पण खोकला आणि ताप पहिल्या दोन महिन्यांतच ओसरतो. रोजंदारीवरच्या कारागिराला बरे वाटू लागले की, तो परत कामावर जातो. त्याला “कोर्स पूर्ण करा” हे ठाऊक असते. पण औषध आणायला गेलेला अर्धा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, आणि मालकाला आजार कळला तर कामही जाण्याची भीती. सरकारने क्षयरुग्णांच्या पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये द्यायला २०१८ मध्ये सुरुवात केली, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. ते मिळवायला बँक खाते लागते, आधार जोडावा लागतो. योजनेची माहिती देणारा माणूस त्यासाठीचा फॉर्मही भरून देत असेल, तरच त्या माहितीचे रुपये होतात.

आणि घराचे काय? गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने अभ्यास केला, तो २०१८ मध्ये पुढे आला. इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, हवा खेळत नाही, आणि त्याच मजल्यांवर क्षय अधिक. तिथल्या रहिवाशाला “खिडकी उघडी ठेवा” म्हणून सांगितले, तर तो खिडकी उघडेल. समोर भिंत असेल. हा आराखडा मंजूर करणाऱ्यांच्या आरोग्य-साक्षरतेबद्दल आपण सहसा बोलत नाही.

अविश्वासाला इतिहास असतो

पोलिओच्या मोहिमेत उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम वस्त्यांमध्ये अफवा पसरली होती: थेंबांनी मुलांना पुढे मूल होणार नाही. अफवा खोटीच होती, पण ती हवेतून आली नव्हती. १९७६ सालच्या सक्तीच्या नसबंदीची आठवण त्या घरांत ताजी होती. सरकारी माणूस दारात येऊन फुकट काही देतो, तेव्हा तो काहीतरी काढून घ्यायलाच आला असणार, हा त्या पिढीचा अनुभव होता.

करोनाच्या सुरुवातीलाही असेच झाले. नागरिकत्वाच्या कायद्यावरून वातावरण तापलेले असताना, २०२० च्या एप्रिलमध्ये घरोघरी नावे विचारत फिरणाऱ्या आशा कार्यकर्तींकडे देशात काही ठिकाणी संशयाने पाहिले गेले, त्यांना हुसकावले गेले. त्याच वेळी ‘तबलिगी जमात’ या इस्लामी धर्मप्रचारकांच्या दिल्लीतल्या मेळाव्यावरून सगळ्या समाजालाच साथीसाठी जबाबदार धरणारा प्रचार चालला होता. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याची शक्यता नोंदवली. पण तोवर दारावरची थाप आणि भीती यांची गाठ पडून गेली होती.

‘हा समाजच आरोग्याबाबत बेफिकीर’ ही समजूतही आकड्यांपुढे टिकत नाही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले होते की, शिक्षण आणि उत्पन्नात मागे असूनही देशातील मुस्लिम कुटुंबांत बालमृत्यूचे प्रमाण सरासरीपेक्षा कमी आहे. अभ्यासकांनी याची जी कारणे शोधली, त्यांत शौचालयाचा अधिक वापर हे एक ठळक कारण आहे. दुसरीकडे, २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पूर्ण लसीकरणाची देशाची सरासरी ६२ टक्के होती आणि मुस्लिम मुलांमध्ये सुमारे ५५. म्हणजे जी गोष्ट घरच्या सवयीत बसली आहे तिथे समाज पुढे, आणि जिथे सरकारी यंत्रणेशी गाठ पडते तिथे मागे. सांधा कुठे निखळला आहे, हे यावरून कळते.

पोलिओने दिलेला धडा

२००२ साली देशात पोलिओचे १६०० रुग्ण सापडले, बहुतेक उत्तर प्रदेशातले, आणि त्यांत मुस्लिम मुलांचा वाटा लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा खूपच मोठा होता. १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण नोंदला गेला. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. मधल्या नऊ वर्षांत काय बदलले?

युनिसेफच्या मदतीने त्याच मोहल्ल्यातल्या हजारो स्त्रिया नेमल्या गेल्या. प्रत्येकीकडे ठरावीक घरे आणि एक वही: कुठल्या घरात कधी मूल जन्मले, कोण माहेरी गेले, कोणी नकार दिला आणि का. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द मोहिमेशी जोडली गेली. मदरशांतले उलेमा लेखी आवाहन देऊ लागले, मशिदीच्या भोंग्यावरून लसीचा दिवस जाहीर होऊ लागला.

याहून महत्त्वाचे म्हणजे यंत्रणेने लोकांची तक्रार ऐकली. लोक विचारत होते, “थेंब पाजायला वर्षातून दहादा येता, आमची मुलं जुलाबानं मरतात तेव्हा कुठे असता?” मग उत्तर प्रदेशातील ६६ आणि बिहारमधील ४१ अशा १०७ विकास गटांसाठी (ब्लॉक) वेगळी योजना आखली गेली. थेंबांसोबत ओआरएस, झिंक, शौचालये आणि स्तनपानाचा सल्ला. नकार का मिळतोय हे विचारल्यामुळेच ही योजना सुचली.

धारावीतही २०२० मध्ये हेच तत्त्व कामी आले. वस्तीत वर्षानुवर्षे दवाखाना चालवणारे खासगी डॉक्टर पालिकेच्या पथकांसोबत घरोघर फिरले. अनोळखी सरकारी माणसासाठी न उघडणारे दार, तापाला नेहमी ज्यांच्याकडे जातो त्या डॉक्टरसाहेबांसाठी उघडले.

न्हाव्याच्या दुकानातले औषध

अविश्वासाचा असाच इतिहास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा आहे. टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपदंशावर उपचार न देता नुसते पाहत राहिले होते, तेही सरकारी प्रयोग म्हणून. अशा समाजातल्या पुरुषांचा रक्तदाब आटोक्यात कसा आणायचा?

लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांच्या पथकाने कृष्णवर्णीयांची ५२ केशकर्तनालये निवडली. वाढलेला रक्तदाब असलेले ३१९ पुरुष प्रयोगात आले. काही दुकानांत न्हाव्याने गिऱ्हाइकाला सल्ला द्यायचा: मीठ कमी कर, डॉक्टरला दाखव. उरलेल्या दुकानांत खास प्रशिक्षण घेतलेला औषधतज्ज्ञ यायचा, रक्तदाब मोजायचा आणि डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार तिथेच औषध सुरू करायचा. २०१८ साली निष्कर्ष आले. नुसत्या सल्ल्याच्या दुकानांत सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला. जिथे सल्ल्यासोबत औषधही मिळाले, तिथे २७ अंकांनी.

या दोन आकड्यांतला फरक हा या विषयाचा गाभा आहे. विश्वासातल्या माणसाने सांगितले की थोडा फायदा होतो. त्याच जागी, त्याच वेळी उपचारही मिळाला की फायदा तिप्पट होतो.

करायचे काय

*दवाखान्यात*

– “समजलं का?” विचारू नये. त्याऐवजी, “भाभी, घर जाके बच्चे के अब्बा पूछेंगे डॉक्टर ने क्या बोला, तो क्या बताओगी?” उत्तर चुकले तर समजावण्यात कमतरता राहिली असे धरून पुन्हा सांगावे.
– एका भेटीत तीनच गोष्टी सांगाव्यात. सगळ्यात महत्त्वाची आधी.
– १-०-१ ऐवजी सूर्य आणि चंद्राची चित्रे काढावीत. गोळ्या कागदावर ठेवून दाखवाव्यात.
– रोजे, हज, बुरखा, स्त्री-डॉक्टरची अपेक्षा हे प्रश्न रुग्णाने काढण्याची वाट पाहू नये.

*पालिकेत*

– पत्रके मराठीसोबत हिंदी आणि उर्दूतही छापावीत. मुंबई पालिकेच्या उर्दू शाळांत शिकणारी मुले वस्तीत आहेत. चौथीतली मुलगी आईला उर्दू पत्रक वाचून दाखवू शकते. मात्र पत्रक छापण्याआधी ते वस्तीतल्या दहा बायकांना वाचून दाखवून तपासावे.
– लसीकरणाचे सत्र आठवड्यातून एकदा तरी संध्याकाळी किंवा रविवारी ठेवावे. पालिकेचा ‘आपला दवाखाना’ संध्याकाळी चालू शकतो, तर लसीकरणही चालू शकते.
– साडेतीन महिन्यांच्या लशीनंतर पुढच्या तारखेची आठवण फोनवर आवाजी संदेशाने द्यावी. अक्षर न ओळखणारीही व्हॉट्सअॅपवरचा आवाज ऐकते.
– घरोघर फिरणारी आरोग्यसेविका त्याच वस्तीतली असावी आणि तिला नियमित, पोटापुरते मानधन मिळावे. जिच्यावर सगळी मोहीम उभी आहे, तिलाच स्वयंसेविका म्हणून तुटपुंज्या पैशांवर राबवणे परवडणारे नाही.

*मोहल्ल्यात*

– मशिदीचे विश्वस्त, मदरशाचे शिक्षक, बुद्धविहाराची समिती, महिला बचत गट यांना साथ आल्यावर बोलावू नये. साथ नसताना त्यांच्याशी बैठका सुरू असाव्यात.
– वस्तीतल्या खासगी आणि युनानी डॉक्टरांना बाजूला ठेवू नये. तापाचा पहिला रुग्ण त्यांच्याकडेच जातो. गोवर किंवा क्षयाचा संशय आला तर कुठे कळवायचे, हे त्यांना माहीत असले की साथ आठवडाभर आधी सापडते.
– औषधाचे दुकान, शिलाईचा कारखाना, केशकर्तनालय, रेशन दुकान इथे रक्तदाब मोजायची सोय आणि उपचाराची जोडणी, दोन्ही एकत्र हवीत.

यश मोजायचे कशाने

किती पत्रके वाटली, किती शिबिरे झाली, भोंग्यावरून किती वेळा सांगितले, हे आकडे कामाचे आहेत, पण निकालाचे नाहीत. निकाल पाहायचा तर वेगळे आकडे लागतात. गोवराचा पहिला डोस घेतलेल्या किती मुलांनी दुसरा घेतला? क्षयाचे उपचार सुरू केलेल्या किती जणांनी सहा महिने पूर्ण केले? रक्तदाबाच्या किती रुग्णांचा दाब खरोखर आटोक्यात आला? आणि हे आकडे संपूर्ण शहराचे नकोत, गल्लीनिहाय हवेत. शहराची सरासरी चांगली असली की रफी नगरसारख्या वस्त्या तिच्यात झाकल्या जातात. २०२२ मध्ये मुले आजारी पडेपर्यंत ते कुणाच्या लक्षात आले नव्हते.

हे गल्लीचे आकडे वस्तीतही उघड लावायला हवेत, आरोग्य केंद्राच्या दारावर, लोकांच्या भाषेत. आपल्या गल्लीत शंभरपैकी तीस मुलांची दुसरी लस राहिली आहे, असे वाचलेली बाई दोन कामे करू शकते. ती आपल्या मुलाचे कार्ड काढून पाहील. आणि पालिकेच्या कार्यालयात जाऊन विचारेल की, आमच्या गल्लीचाच आकडा एवढा खाली का आणि संध्याकाळचे सत्र कधी सुरू करताय. आजवर यंत्रणा वस्तीला प्रश्न विचारत आली. वस्तीने यंत्रणेला प्रश्न विचारणे, ही आरोग्य-साक्षरतेची तिसरी पायरी. तिथपर्यंत पोचायची सोय करून देणे हे महापालिकेचे काम आहे, आणि त्याला नव्या लशीची किंवा नव्या औषधाची वाट पाहावी लागत नाही.